नाही म्हणेल तिने बसावं

१ जानेवारी, दुपार

नवं वर्ष, नवी वही. सकाळी चर्चमध्ये मेणबत्त्या विझवता विझवता तीन संकल्प सुचले. जागा पवित्र असल्यामुळे ते वरूनच आले असावेत.

एक: कॉम्बहॅम रीजन्सी मंडळाच्या वसंतातल्या नाचाचा कारभारी ह्या वर्षी मी व्हायचं.

दोन: त्या नाचात हेदरने माझी जोडीदारीण म्हणून माझ्यासमोर उभं राहायचं.

तीन: गर्व सोडायचा. हा पहिले दोन पार पडल्यावर लागू.

जेवताना हेदरला सांगितले. ती म्हणाली, तिसऱ्यापासून सुरुवात कर की. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण क्रम म्हणजे काय हे तिला अजून समजत नाही.

ती मंडळात येत नाही. मी दर गुरुवारी निघताना विचारतो, येणार का. ती विचारते, तुला मी यायला हवी आहे का? मी सांगतो, हवी तर, बायका कमी पडताहेत. ती म्हणते, बघू.

बघू म्हणजे अर्धा होकार.

६ जानेवारी

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्यांमध्ये उभं राहून अदबीने झुकायचा सराव केला. उजवा पाय मागे, हात छातीशी, पाठ सरळ. इतक्यात डुकरंवाला गिल्बर्ट टॅप आत आला आणि म्हणाला, डेस, कंबर धरली का? मलम आहे माझ्याकडे. डुकरांचं आहे, पण लागू पडतं.

त्याला समजावून सांगितलं. दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडचा म्हातारा राजा भ्रमिष्ट झाला आणि राजपुत्राने कारभार सांभाळला, तो रीजन्सीचा काळ. त्या काळचे कपडे, त्या काळचे नाच, त्या काळच्या रीती आम्ही मंडळात जशाच्या तशा पाळतो. गिल्बर्ट म्हणाला, दोनशे वर्षांपूर्वी तुझा खापरपणजा माझ्या खापरपणज्याची डुकरं राखत होता. मग ते का नाही पाळत जसंच्या तसं?

त्याला इतिहासाची दृष्टी नाही.

मलम मात्र घेतलं. गुण येतो आहे.

११ जानेवारी, रविवार

विजार पुरी झाली. गुडघ्यापर्यंतची, पुढे बटणांचं झाकण, अस्सल. त्या काळी शिवणयंत्र नव्हतं, म्हणून सगळी हाताने शिवली. शिवण संपूर्ण माझी. हेदरने फक्त ती उसवून पुन्हा घातली.

मागे कापड भरपूर सैल आहे. घोड्यावर बसता यावं म्हणून तसंच असे, जुन्या पुस्तकांत आधार आहे. हेदर मागून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, डेस, घोडा आत बसणार आहे का?

ती कपड्यांत रस घेऊ लागली आहे.

१५ जानेवारी

गळपट्ट्याला खळ जरा जास्त झाली. मान वळेना, खालचं दिसेना. खऱ्या सभ्य गृहस्थाला खाली बघायची गरजच पडत नसे.

दुकानाच्या पायरीवरून पडलो. गिल्बर्टच्या डुकरांना चुकून सशांचं खाद्य गेलं. डुकरांची तक्रार नाही. गिल्बर्टची आहे.

२२ जानेवारी, गुरुवार

मंडळाची बैठक. नायजेल स्पर्जन लाल लष्करी कोट घालून आला. निवृत्त दंतवैद्य आहे. दात दाखवायची सवय गेलेली नाही. सगळ्या बायका त्याच्याभोवती. मी जवळ जाऊन केवळ मदत म्हणून त्याच्या बाहीचं टोक उलटून दाखवलं. शिवणयंत्राची टीप! खोली एकदम शांत झाली. ज्ञानाबद्दलचा आदर अजून शिल्लक आहे.

अध्यक्षीण पेनिफोल्डबाई म्हणाल्या, मिस्टर हेंब्रो, तुम्ही असताना आम्हाला वस्तुसंग्रहालयाची गरजच नाही. गावच्या शाळेपलीकडे न गेलेल्या माणसाला ह्याहून मोठं प्रशस्तिपत्र कोणतं?

घरी येऊन हेदरला सांगितलं. तिने विचारलं, मग त्या बिचाऱ्या नायजेलने काय केलं? मी म्हटलं, तो चहा प्यायला गेला. ती म्हणाली, आणि तू कुणाबरोबर नाचलास? मी म्हटलं, मी देखरेख करत होतो.

१ फेब्रुवारी

संध्याकाळच्या प्रार्थनेत नायजेलला क्षमा केली. त्याच प्रार्थनेत नवीन बुटांचाही उल्लेख झाला, तो अनवधानाने.

५ फेब्रुवारी

हेदरने पिवळं कापड आणलं आहे. मऊ, सुरेख, लोण्यासारखा रंग. पाहुण्यांच्या खोलीला पडदे हवेच होते. मी न सांगता तिच्या लक्षात आलं, ह्याला संसार म्हणतात.

९ फेब्रुवारी

पडद्यांचं काम जोरात आहे. मी खोलीत गेलो तर तिने पडदा स्वतःच्या अंगाला लावून आरशात बघितला. उंची मापायची चांगली युक्ती आहे. हेदर साधारण खिडकीएवढी आहे.

तिने सहज विचारलं, त्या काळी बायकांच्या झग्याची कंबर कुठे असायची? मी तिला फ्रान्सपासून सुरुवात करून सगळं सांगितलं. मग ग्रीक पुतळे. जेवण गार झालं. शेवटी ती म्हणाली, डेस, मी फक्त इथे की इथे एवढंच विचारलं होतं.

ज्ञानाची भूक अशीच हळूहळू लागते.

१४ फेब्रुवारी

हेदरला हंसाच्या पिसाने प्रेमपत्र लिहिलं. शाई पसरली. तिने खिडकीशी नेऊन, चष्मा लावून, उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, काय लिहिलं आहेस? मलाही वाचता येईना. मेणबत्त्यांबद्दल काहीतरी होतं असं आठवतं.

ती म्हणाली, तोंडाने सांग मग. मी म्हटलं, तोंडाने सांगायची रीत नव्हती.

तिने पत्र नीट घडी करून ठेवलं. बायकांना ह्या गोष्टी आवडतात.

१८ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

कपाळावर राख घेतली. उपासाच्या दिवसांत काय सोडणार असं पाळकबाई ज्युडिथ प्रत्येकाला विचारत होत्या. मी गर्व म्हणणार होतो, पण मागे रांग होती. साखर म्हणालो.

दुपारनंतर त्यांच्याशी एका गहन विषयावर बोललो. नाचात कोणती बाई आधी, कोणती नंतर, ह्याचा मानाचा क्रम मी तयार करतो आहे. कारभारी झालो तर हाताशी हवा. त्या काळी पाळक म्हणजे पुरुष. पाळकाच्या बायकोचा मान ठरलेला. आता ज्युडिथबाई स्वतःच पाळक आणि त्यांचा नवरा नळांची कामं करतो. फार विचार करून मी त्यांना त्यांची स्वतःचीच बायको म्हणून धरलं. त्या म्हणाल्या, चालेल डेस, पण मग घरातला नळ कुणी दुरुस्त करायचा? तसाही तो करत नाहीच म्हणा.

विनोदी बाई आहेत. धर्मोपदेश बरा करतात.

५ मार्च, गुरुवार

झालो! कारभारी झालो!

पेनिफोल्डबाईंचा फोन. म्हणाल्या, मिस्टर हेंब्रो, नायजेल स्पेनला उन्हात बसायला जाणार आहे, बाकी चौघा-पाचजणांना विचारलं, सगळे नाही म्हणाले, तेव्हा तुम्ही. जो दगड बांधणाऱ्यांनी नाकारला तोच कोपऱ्याचा मुख्य धोंडा झाला, हे स्तोत्रातलं वचन मला तिथल्या तिथे आठवलं. ते त्यांना म्हणूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, हो हो, आणि खुर्च्यांचंही बघा.

हेदरला बातमी दिली. ती खरंच आनंदली. माझा हात धरून म्हणाली, म्हणजे कुणाला कुणासमोर उभं करायचं हे तू ठरवणार? मी म्हटलं, सर्वस्वी मी. ती म्हणाली, वा.

मग गुणगुणत पडदे शिवायला गेली.

१२ मार्च

आज मंडळात नियम वाचून दाखवले. सगळ्यांत महत्त्वाचा: एखाद्या गृहस्थाने नाचायला विचारलं आणि बाई नाही म्हणाली, तर त्या संध्याकाळी तिने दुसऱ्या कुणाबरोबरही नाचायचं नाही. बसून राहायचं. आधार भक्कम आहे. पेनिफोल्डबाई म्हणाल्या, अहो, हा नियम एवढा ताणायलाच हवा का? मी म्हटलं, बाई, आज हा सोडला तर उद्या लोक गळपट्टा सोडतील.

१५ मार्च, रविवार

जेवताना हेदरने नियमांची चौकशी केली. नाही म्हणणारी बाई नुसती बसून राहते? हो. बाकीच्या बसलेल्या बायकांशी बोलू शकते? हो. केक खाऊ शकते? केकला बंदी नाही. ती म्हणाली, मग ही काही फार मोठी शिक्षा नाही.

मग तिने विचारलं, कारभारी पहिल्यांदा कुणाला विचारतो? मी मानाचा क्रम सांगितला. आधी पेनिफोल्डबाई, कारण त्यांच्या आत्याचं लग्न सरदार घराण्यात झालं होतं. मग पाळकाची बायको, म्हणजे पाळक. मग डॉक्टरीण, वकिलीण, बँकवाली. हेदरने विचारलं, आणि मी? म्हणजे समजा आलेच, तर?

मी प्रामाणिकपणे हिशेब केला. पशुखाद्याच्या दुकानातल्या नोकराची बायको. शेवटी. तिच्याखाली फक्त गिल्बर्टची बहीण लागते, आणि ती येत नाही.

हेदरने पाव जरा जाड कापला. प्रामाणिकपणा तिला पहिल्यापासून आवडतो.

२ एप्रिल

दिवाणखान्यात दिवे बंद करून मेणबत्त्यांवर राहून बघितलं. एक गळपट्टा जळाला. खळ चांगली पेटते.

५ एप्रिल, ईस्टर

प्रभू उठला आहे. साखर पुन्हा सुरू केली. उपासाच्या काळात साखर दोनदाच खाल्ली, आणि एकदा जॅम, पण जॅम फळात धरतात.

२४ एप्रिल, शुक्रवार

उद्या नाच. नायजेल स्पेनहून लवकर परतला, उन्हाने सोलून निघाला म्हणे. पेनिफोल्डबाईंनी आडून विचारलं, आता तो आला आहे तर कारभारी... मी म्हटलं, बाई, सत्तांतरं अशी होत नसतात.

हेदरला शेवटचं विचारलं, येणार का? ती म्हणाली, तुला मी यायला हवी आहे का, डेस? मी म्हटलं, हवी आहेसच, केक कापायला कुणीतरी लागेल. ती म्हणाली, डोकं दुखतंय, तू हो पुढे.

तिच्यासाठी प्रार्थना केली.

२५ एप्रिल, शनिवार, दुपारी चार

निघतो. गाडीत गळपट्ट्यासकट मावत नाही, म्हणून गिल्बर्टच्या डुकरांच्या ट्रकमध्ये मागे उभा राहून जाणार. त्या काळी उघड्या गाडीतूनच जात. आधार आहे.

२६ एप्रिल, रविवार, चर्चनंतर

चर्चमध्ये आज बायका माझ्याशी बोलल्या नाहीत. रविवारी मौन बरंच. शांतपणे लिहितो, म्हणजे जे झालं ते रीतसर झालं हे स्पष्ट होईल.

सभागृह छान दिसत होतं. खऱ्या मेणबत्त्यांना परवानगी मिळाली नाही, बॅटरीच्या लावल्या. मी दाराशी उभा राहून प्रत्येकाचं नाव पुकारत होतो. पेनिफोल्डबाई. पाळकबाई ज्युडिथ आणि त्यांचे यजमान. मग दारात एक बाई आली. लोण्याच्या रंगाचा झगा, कंबर बरोबर तिथेच जिथे असायला हवी, बाह्या छोट्या, केस वर बांधलेले. मी नाव विचारणार इतक्यात ती हसली.

हेदर होती.

माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की मग पाहुण्यांच्या खोलीला पडदे नाहीत.

दुसरा विचार लिहीत नाही. माणूस पन्नाशीला आल्यावर असले विचार वहीत लिहीत नाही. 

मी पुकारलं, मिसेस हेंब्रो! आणि झुकलो. ती कुजबुजली, कशी दिसते? मी म्हटलं, शिवण हाताची आहे ना? ती म्हणाली, प्रत्येक टाका. मी समाधानाने मान हलवायला गेलो, हलली नाही.

मग मी मानाच्या क्रमाने सुरुवात केली. पेनिफोल्डबाईंना रांगेच्या शिरोभागी नेलं आणि त्यांच्यासमोर डॉक्टरांना उभं केलं. मग एकेक जोडी. मी मधून फिरत होतो, सूचना देत होतो, डावा खांदा, उजवा हात, खालच्या जोडीने थांबायचं. हेदर भिंतीशी उभी होती. मी जवळून गेलो की ती थोडी पुढे यायची. मी तिला डोळ्यांनीच सांगितलं, क्रम येतो आहे. तिला ते दिसलं असावं.

तिसऱ्या नाचाला नायजेल तिच्यासमोर गेला. लाल कोट, सोललेलं लाल नाक. झुकला, विचारलं. हेदर म्हणाली, आभारी आहे, पण नाही. थांबले आहे.

सगळ्यांनी ऐकलं. सगळे माझ्याकडे बघू लागले.

आता कुणीही सांगावं, कारभाऱ्याने काय करायला हवं होतं? स्वतःची बायको म्हणून नियम वाकवायचा? मग उद्या प्रत्येक जण आपापली बायको आणील. मी शक्य तितक्या सौम्य आवाजात जाहीर केलं, की मिसेस हेंब्रो यांनी नकार दिल्यामुळे त्या आज संध्याकाळी नाचणार नाहीत, त्यांनी कृपया भिंतीकडच्या बाकावर बसावं.

हेदर म्हणाली, डेस.

मी म्हटलं, मिस्टर हेंब्रो.

ती बाकावर जाऊन बसली. पाठ अगदी ताठ. गळपट्टा नसताना इतकी ताठ पाठ मी कुणाची पाहिलेली नाही.

पुढे जे घडलं त्याला मी जबाबदार नाही. पाळकबाई ज्युडिथना वकिलांनी विचारलं. त्या मोठ्याने म्हणाल्या, नाही, मुळीच नाही. आणि हेदरशेजारी जाऊन बसल्या. डॉक्टरीण म्हणाली, अगं बाई, मीपण नाही. बँकवालीला कुणी विचारलंही नव्हतं, ती म्हणाली, कुणीतरी विचारा मला, मला नाही म्हणायचंय! शेवटी पेनिफोल्डबाई रांगेच्या शिरोभागावरून निघाल्या, डॉक्टरांना म्हणाल्या, तुम्हालाही नाही, आणि जाताना शहाजिऱ्याचा केक थाळीसकट उचलून नेला.

बाक भरला. त्यांनी दुसरा ओढून घेतला. केक, सफरचंदाची दारू आणि हशा. नियमाप्रमाणे सगळं बरोबर होतं, हे मी पुन्हा लिहितो.

मधल्या मोकळ्या जागेत आम्ही पुरुष उरलो. व्हायोलिनवाला थांबेना, त्याला थांबायचं कुणी सांगितलं नव्हतं. मी परिस्थिती हातात घेतली. सैन्याच्या छावण्यांत बायका नसत, तेव्हा पुरुष पुरुषांबरोबरच नाचत, आधार आहे. नायजेलसमोर वकील, डॉक्टरांसमोर पाळकबाईंचे यजमान. गिल्बर्ट मला न्यायला आला होता, तो रबरी बूट घालून दाराशी केक शोधत होता. त्याला माझ्यासमोर उभं केलं. तो म्हणाला, डेस, मी नाही म्हटलं तर मलापण तिकडे बसता येईल का?

रात्री ट्रकमध्ये हेदर पुढे गिल्बर्टशेजारी बसली. मी मागे. वास होता.

२७ एप्रिल

पाहुण्यांच्या खोलीत गेलो. हेदरने तो झगा बाह्या पसरून खिडकीच्या दांडीवर लटकवला आहे. म्हणाली, तुला पडदाच हवा होता ना.

उजेड अडतो, पण सुंदर अडतो.

३ मे, रविवार

उपासनेनंतर प्रार्थनेची पुस्तकं गोळा करत होतो. ज्युडिथबाई पाळकाचा झगा काढत म्हणाल्या, डेस, मी ह्या गावात इतकी लग्नं लावली. वधूला यादीत शेवटी टाकणारा नवरा पहिलाच. मी म्हटलं, बाई, मानाचा क्रम होता. त्या म्हणाल्या, हो ना, मी माझीच बायको होते, आठवतंय.

मग म्हणाल्या, ती कुणासाठी थांबली होती म्हणते?

मी म्हटलं, ते तिने सांगितलं नाही. ज्युडिथबाईंनी छताकडे पाहिलं. त्या प्रार्थना करतात तेव्हा डोळे मिटतात, तेव्हा ती प्रार्थना नसावी.

७ मे, गुरुवार

मंडळाची बैठक. नाही म्हणणारीने बसावं हा नियम रद्द. बायकांनी एकमताने नवा कारभारी निवडला. हेदर. ती गेल्याच आठवड्यात सभासद झाली आणि मला पत्ता नाही. नवशिक्यांचा वर्गही तीच घेणार. लहानपणी तिच्या आईने तिला हे सगळे नाच शिकवले होते म्हणे. मला कधी सांगितलं नाही. मी कधी विचारलं नसेलही, पण सांगता येतं माणसाला.

मला खुर्च्यांचं काम दिलं आहे. ते मोठ्या विश्वासाचं आहे.

१० मे, रविवार, संध्याकाळ

भांडी घासत होतो, हेदर पुसत होती. मी सहज म्हटलं, नायजेलला नाही म्हणालीस ते बरं केलंस, त्याच्या बाहीला यंत्राची टीप आहे. ती म्हणाली, त्याच्या टिपेचं मला काय करायचंय? मी जागा राखून ठेवली होती.

कुणासाठी, असं मी विचारलं.

तिने फडकं खांद्यावर टाकलं आणि कोंबड्या कोंडायला गेली.

कढई घासता घासता मला कळलं. कढई तशी स्वच्छच होती. मी ती पुन्हा घासली. मग पुन्हा. हेदर परत आली तेव्हा तिला सांगायचं म्हणून वाक्य जुळवत होतो. तिने कढई हातातून घेतली आणि म्हणाली, पुरे, भोक पडेल.

देवा, माझ्या तोंडाला दार ठेव असं स्तोत्रात आहे. माझ्या तोंडाला दार आहेच. मला किल्ली हवी आहे.

१४ मे, गुरुवार

वर्गाच्या आधी तिला विचारायचं ठरवून गेलो. गळपट्टा मुद्दाम घातला नाही, बोलताना अडू नये म्हणून. उघड्या गळ्याने सभागृहात पाऊल टाकलं तर नायजेल म्हणाला, काय मिस्टर हेंब्रो, आंघोळीहून का? मी क्षमा केली. जागेवरच केली, हल्ली जमतं.

हेदरसमोर उभा राहिलो. झुकलो नाही. म्हटलं, माझ्याबरोबर नाचशील का? बायका कमी पडताहेत म्हणून नाही.

तिने घड्याळाकडे पाहिलं. म्हणाली, वर्ग सुरू व्हायचाय, लोक आलेत. बघू.

पूर्वी मला बघूचा अर्थ नक्की माहीत होता.

२१ मे, गुरुवार

नवशिक्यांच्या वर्गात बसायचं ठरवलं. अर्थात केवळ हेदरला आधार म्हणून. तिने म्हटलं, रांगेत उभा राहा. मी शिरोभागी गेलो. ती म्हणाली, तिथे नाही, इथे. समोर गिल्बर्ट. त्याने नाव घातलं आहे. केकमुळे असावं.

आज एक विचित्र गोष्ट ध्यानात आली. कोणी कुणाला आधी विचारायचं, हातमोजा कधी काढायचा, खालच्या जोडीने किती थांबायचं, सगळं मला पाठ आहे. पण संगीत सुरू झाल्यावर पायाने काय करायचं ते माहीत नाही. कधी वेळच आली नव्हती. मी सदैव देखरेखीवर.

हेदर लांबून म्हणाली, डेस, उडी मारायची आहे, उंबरठा ओलांडायचा नाहीये. गिल्बर्ट म्हणाला, ह्याच्यापेक्षा माझी डुकरीण हलकी उतरते.

गिल्बर्टपेक्षा मी पुढे आहे असं माझं मत. वर्गाचं मत वेगळं पडलं.

२८ मे, गुरुवार

वर्ग संपला. लोक कोट घालत होते. मी खुर्च्या रचत होतो. व्हायोलिनवाल्याने अजून एक घेऊ का म्हणून विचारलं, हेदर घे म्हणाली. मग ती सरळ माझ्याकडे आली. मी दोन हातांत दोन खुर्च्या धरून उभा. ती म्हणाली, चल, डेस.

बाईने गृहस्थाला विचारायचं नसतं. हे वाक्य माझ्या तोंडात पूर्ण तयार होतं, आधारासकट. तोंड उघडलंही होतं.

मिटलं. खुर्च्या खाली ठेवल्या. एक माझ्या पायावर ठेवली.

मोकळ्या सभागृहात आम्ही दोघंच. लोक दाराशी थांबले होते, पण तिकडे मी पाहिलं नाही. खाली पाहिलं. मग समोर पाहिलं. ती मोजत होती, एक दोन तीन, एक दोन तीन, आणि ओठ हलत होते, तिला हसू आवरत नव्हतं. मी पहिल्याच फेरीत तिच्या डाव्या पायावर पाय दिला. दुसऱ्या फेरीत त्याच पायावर. तिसऱ्या फेरीत मी फार काळजी घेतली आणि उजव्यावर दिला. क्षमा मागायला थांबलो तर एक पाऊल मागे पडलो, आणि तिने मला खांद्याला धरून वळवलं, जसं पोतं वळवतात.

व्हायोलिन थांबलं. ती बाकावर बसून बोटं चोळत होती. मी समोर उभा. झुकावं की झुकू नये ह्याचा काही नियम आठवेना. शेवटी तिच्या शेजारी बसलो. इतकंच विचारलं, फार लागलं का?

ती म्हणाली, पुढच्या गुरुवारी मी बागेतले बूट घालून येणार आहे.

म्हणजे ती माझ्याबरोबर नाचणार आहे, असं मी धरून चाललो आहे.